लटारूभाऊला वकील लावण्याबाबत

मी इसरू वल्द झाडू दोनाडकर, वय चोवीस, राहणार मौजा मोहटोला, तहसील गडचिरोली, जिल्हा चांदा, सध्या मुक्काम घुग्घुस, खाणीच्या दवाखान्यात खाट नंबर तीन. शिक्षण चौथी. परवा खाणीत छत बसलं आणि माझं कमरेखालचं अंग गेलं. वरचं शाबूत आहे, डोकंही. डॉक्टर काही सांगत नाहीत. कंपाउंडर गुणवंतरावांना विचारलं तर म्हणाले, "इसरू, लिहायचं ते आजच लिही." म्हणून आज लिहितो. कोणी जोर केला नाही. दारू प्यालो नाही, इथं देते कोण.

पहिलं. धानाच्या चार बांध्यांपैकी माझ्या दोन मनकर्णावहिनीला. लटारूभाऊ जेलातून सुटेपर्यंत तिने कसाव्या, विकू नये. कोणी मोठा माणूस घरी येऊन सल्ला देईल, त्याला पाणी द्यावं आणि वाटेला लावावं.

दुसरं. चीजवस्तू काही नाही. मी कुठं टिकलोच नाही. तेंदूपानाच्या फडीवर एक हंगाम, बल्लारशाला लाकूड कापायच्या आरामशीनवर पाच महिने, मग खाण. बूट आहेत. खाणीत छताला टेकूच्या थुण्या लावणारा बशीरभाई, ज्याने मला दगडाखालून ओढून काढलं, त्याला ते द्यायचे होते. गुणवंतराव म्हणतात, साक्षीदाराला मृत्युपत्रात काही ठेवता येत नाही. म्हणून बशीरभाईला काही ठेवत नाही, बूट त्याने आजच उचलून न्यावेत.

तिसरं. हे गुणवंतरावांनी बशीरभाईसमोर मोठ्याने वाचावं.

१९५६ ची संक्रांत झाल्यावर मी आणि माझा मोठा भाऊ लटारू बैलबंडीसाठी सागवान आणत होतो. जंगलाच्या नाकेदाराने अडवलं आणि आमचे बैल सोडून घेऊन चालला. भाऊ हात जोडून उभा होता. मी बंडीची उभारी, बाजूचा लाकडी खुंट, उपसली आणि नाकेदाराला मागून हाणली. त्याचा हात मोडला, तो पुन्हा सरळ झाला नाही. कोणी मारलं ते त्याने पाहिलं नाही. मारणारा मी. लटारूभाऊने बोटसुद्धा लावलं नाही.

पोलीस आले तेव्हा गावचे जुने पंच नानाजी भाऊला म्हणाले, "लटारू, तू मोठा हायेस. हो म्हन अन् मोकळा हो." आमच्याकडे पंचांपुढे असंच चालतं. कोणाच्याही हातून झालं असो, घरातला मोठा उभा राहतो, आमच्या घरची चूक म्हणतो, दंड भरतो, गावाला जेवण देतो. पंच त्याच्या हातचं पाणी पितात आणि त्या गोष्टीचं नाव पुन्हा कोणी काढत नाही. नानाजी कोर्टालाही तसंच समजले. भाऊही. मीही.

चांद्याच्या कोर्टात जजसाहेबांनी विचारलं, गुन्हा कबूल आहे का. भाऊ म्हणाला, "हो साहेब, आमच्या घरची चूक हाये." वकील आहे का, विचारलं. "वकील कायले? मी हो म्हनून राह्यलो ना." आणखी काही सांगायचं आहे का, विचारलं. भाऊ म्हणाला, "दंड सांगा साहेब. अन् जेवन कवा द्याचं?"

मागचे लोक हसले. मी त्यांच्यातच बसलो होतो. पाच वर्षं सक्तमजुरी झाली. शिपाई नेत होते तेव्हा भाऊ मला म्हणाला, "बैलायले पानी दाखोजो." त्याला अजून कळलंच नव्हतं.

आठ दिवसांनी वहिनी आणि मी कोर्टाच्या कारकुनाकडे गेलो. वहिनी म्हणाली, "बाबू, गरिबाले सरकार वकील देत नाई का?"

"देते ना. फाशीचा मामला असला तर देते. नाकेदार मेला असता तर तुमाले फुकटात वकील भेटला असता."

"मंग तेवढ्यासाठी मारून टाकाचं होतं काय त्याले?"

"बाई, मी कायदा सांगून राह्यलो. सल्ला नाई देत."

तिथं मी तोंड उघडायला पाहिजे होतं. विडी आणतो म्हणून बाहेर पडलो आणि बल्लारशाची गाडी धरली. वहिनी किती वेळ बसली असेल, ते मी तिला कधी विचारलं नाही.

खाणीतून मी एक अर्ज केला, भाऊला सरकारी खर्चाने वकील मिळावा म्हणून. नागपूरला पाठवला. पुढे राज्यच बदललं, कागद मुंबईला गेले. यंदा आषाढात उत्तर आलं, असल्या मामल्यात वकील देण्यास पैशाची तरतूद नाही. दोन ओळी. तो कागद सोबत टाचला आहे. अर्जातही मी खरं लिहिलं नव्हतं.

चौथं. माझ्या फंडाचे पैसे आणि या अपघाताचं जे मिळेल ते वहिनीने बशीरभाईला सोबत घेऊन चांद्याच्या वकिलाला द्यावे. भाऊचं अपील मुदतीत झालं नाही, तरी काही रस्ता असेल तर वकिलाने काढावा. उरलं तर कुरखेड्याच्या बाजाराच्या दिवशी एक माणूस बसवावा, ज्याला कायदा येतो आणि आमची बोलीही येते. कोर्टात जाणाऱ्याला त्याने विचारावं, तू खरंच केलं का, आणि हो म्हटल्यावर काय होते ते तुला ठाऊक आहे का. खाणीतले आमच्याकडचे लोक पगारातून भर घालू म्हणतात. ते किती दिवस पुरणार? हे काम सरकारचं आहे. फाशीला वकील देता, पाच वर्षांना देत नाही. पाच वर्षांत माणसाचं काय राहते ते नागपूरच्या जेलात जाऊन पाहावं.

पाचवं. नानाजीला दोष देत नाही असं लिहिणार होतो. पण देतो. माझी तेरवी करू नये, तो खर्च वकिलाला. नानाजीने जेवणाची वाट पाहू नये. कोर्टात मात्र यावं आणि भाऊला आपण काय शिकवलं ते शपथेवर सांगावं.

शेवटचं. हा कागद लटारूभाऊला आधी दाखवू नये. तो म्हणेल, पोरगा दुखण्यात बरळून राह्यला, उभारी मीच मारली. मेलेल्या भावाचं नाव राहावं म्हणून तो उरलेली वर्षंही काढेल. मी त्याला ओळखतो. आधी वकिलाला दाखवावा, मग जजसाहेबांना. भाऊला कोर्टात उभं करतील तेव्हा वकील त्याच्या अंगाला लागून उभा असावा, आणि भाऊने तोंड उघडायच्या आत वकिलाने बोलावं.

सही: इसरू झाडू दोनाडकर, स्वतःच्या हाताने

साक्षीदार:
१. गुणवंतराव बुराडे, कंपाउंडर. तिसरं कलम मी वाचलं. सही करेपर्यंत इसरू शुद्धीवर होता.
२. शेख बशीर शेख मुश्ताक, थुणी मिस्त्री. वाचलेलं ऐकलं. डाव्या हाताचा अंगठा.

मुक्काम घुग्घुस, जिल्हा चांदा, मुंबई राज्य
दिनांक ९ ऑक्टोबर १९५७