चौऱ्याऐंशी गुंठे

बाबा,

"वही वावरात पेरता येत नाही, पोरी," असं तुम्ही चार माणसांसमोर मला म्हणालात. मी नववीत होते. ढाणकीच्या वाटेवरचं आपलं त्रिकोणी वावर आत्याला द्यायचं आणि तिचं गावाजवळचं चौकोनी, तेवढंच वावर आपण घ्यायचं, असं ठरलं होतं. मोजणीला सगळा गाव तुम्हालाच बोलवायचा. तेहतीस फुटी साखळीनं तुम्ही बाजू मोजल्या: तेरा, चौदा, पंधरा. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा. तेरा आणि पंधराची सरासरी चौदा, तिसऱ्या बाजूचा अर्धा सात. चौदा साती अठ्ठ्याण्णव गुंठे. तिरकं वावर तेव्हा सगळेच असं मोजत.

मी घरी वहीत चौदाच्या बाजूवर समोरच्या कोपऱ्यातून उभी रेघ टाकली. ती नेमकी बारा निघाली, आणि खाली पाच नि नऊ असे तुकडे पडले. क्षेत्रफळ चौऱ्याऐंशी. तिन्ही बाजू पूर्ण, उत्तरही पूर्ण, कुठं अपूर्णांकाचं शेपूट नाही! त्या आनंदात धावत वावरात आले, तर तुम्ही ते वाक्य बोललात. माणसं हसली. आत्यानं तेवढं मला बाजूला घेऊन विचारलं, "काय वं, बराबर हाय नं तुह्या बाबाची मोजणी?"

आता मी पुसदच्या शाळेत गणित शिकवते. दरवर्षी हाच त्रिकोण फळ्यावर काढते, मुली टाळ्या वाजवतात, आणि मी पाठ फिरवून फळा पुसत राहते. आत्यानं अठ्ठ्याण्णव दिले, तिला मिळाले चौऱ्याऐंशी; तिचे चौदा गुंठे आपल्याकडे आहेत, बाबा. यंदा मी तिचे तिला द्यायचं ठरवलं. भाऊ म्हणाला, "ताई, मेलेल्या माणसाले खोटं पाडून तुले काय भेटते?"

"खोटं नाही म्हणत मी. चुकले म्हणते."

"मंग तुह्या हिश्शातून दे. आत्याले चोळी-बांगडी म्हणून दे, कोणी नाही म्हणत नाही."

माझ्याच हिश्शातून देणार आहे. पण चोळी-बांगडी म्हणून नाही. तिची जमीन तिलाच भेट देऊन वर तिच्याकडून आशीर्वाद घ्यायचा, हे मला जमणार नाही. तुम्ही लबाड नव्हता, हे मी कुणालाही ठणकावून सांगेन. चुकला होता, हेही तितक्याच जोरात सांगेन.

हे पत्र कुठं टाकणार? पण एक गोष्ट तुम्हालाही माहीत नाही. आत्यानं विचारलं तेव्हा वही माझ्या हातात होती, आणि मी म्हणाले होते, "हो आत्या, बरोबर आहे."

उद्या सगळे बांधावर जमतील. तुमच्या नावासमोर 'चुकले' हा शब्द मोठ्यानं म्हणायची परवानगी द्या, बाबा. देणार नाही तुम्ही. तरी मागते.