ध्येय आणि केतन साउंड

३ नोव्हेंबर, राजकोट
दीड वर्षाचा झाला तरी ध्येय बोलत नाही. बोट दाखवतो, ओरडतो, बाच्या, म्हणजे माझ्या आईच्या, कानात काहीतरी पुटपुटतो. पण "पप्पा" नाही. आणि बाप कोण, तर केतन साउंड. नवरात्रात माझ्या माइकवर अख्खं मैदान फिरतं.
दोष गळथूथीचा. जन्मलेल्या बाळाला पहिलं गुळाचं पाणी जो चाटवतो, मूल त्याच्यावर जातं. मी ट्रॅफिकमध्ये अडकलो आणि माझ्या बायकोने, हेतलने, ते काम तिच्या भावाला दिलं. रसिक वर्षातून एकदा बोलतो, तेही "हं."
संकल्प: चोवीसला याच रसिकचं लग्न. सगळ्या सासरवाडीसमोर ध्येय मला "पप्पा" म्हणणार. माइकवर.

५ नोव्हेंबर
डॉक्टरांना दाखवून झालं. कान उत्तम. म्हणाले, त्याच्याशी बोला. पुढेही काही सांगत होते, पण मला ऑर्डरचा फोन आला. हेतल म्हणते, पुढचं वाक्य "आणि तो उत्तर देईपर्यंत थांबा" असं होतं. असेल. मूळ मुद्दा बोलण्याचा.

६ नोव्हेंबर, सकाळ
बोललो. पाऊण तास, न थांबता. ध्येय झोपला.
हेतल म्हणाली, पोराला मध्ये घुसायला फट तरी ठेवा. बा त्याला विचारते, चिमणी कुठे गेली? आणि नुसती त्याच्या तोंडाकडे बघत बसते. याला शिकवणं म्हणतात? काल तो "गेली" म्हणाला म्हणे. मी ऐकलेलं नाही, म्हणून धरत नाही.

९ नोव्हेंबर
लग्नाचा सीझन, मी घरी नसतो. उपाय सापडला. हॉलमध्ये चाकांचा मोठा स्पीकर ठेवला. पेनड्राइव्हवर माझा आवाज: "बेटा, पप्पा बोल. पप्पा." दिवसभर. थोडा एकोही टाकलाय.

१४ नोव्हेंबर
बा दुपारी झोपताना स्पीकर बंद करते. राजकोटात दुपारी देवसुद्धा झोपतो, त्याला इलाज नाही. पण चार वाजता ध्येय स्वतः बटण दाबतो. अभ्यासाची गोडी लागली.
शेजारच्या मनसुखकाकांची नात मला रस्त्यात "पप्पा" म्हणाली. पद्धत चालते याचा हा पुरावा. तिचे वडील तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत.

१९ नोव्हेंबर
झालं. बाचा फोन: ध्येय "पप्पा" म्हणाला, स्पष्ट. दुकानात सगळ्यांना गाठिया-जिलेबी. घरी पोहोचलो तर तो झोपलेला. हेतल काहीतरी सांगू बघत होती. म्हटलं, आजचा दिवस तरी माझा राहू दे.

२३ नोव्हेंबर, संध्याकाळ
रसिकच्या मांडवातला स्पीकर जळाला. घरचाच पाठवावा लागला. सासरे टेम्पो घेऊन आले, गल्ली बघायला जमली. ध्येय माझ्या कडेवर.
टेम्पो हलला आणि ध्येयने भोकाड पसरलं. "पप्पा! पप्पा!" दोन्ही हात टेम्पोकडे.
म्हटलं, अरे, मी इथे आहे. त्याने माझं तोंड हाताने बाजूला सारलं. माझ्यामुळे टेम्पो दिसत नव्हता.
सासरे टेम्पोतून ओरडले, रडू नको रे राजा, पप्पा परवा परत येतील.
बाने पदर तोंडात कोंबला. हेतल हसली नाही, त्याचं जास्त वाईट वाटलं.

तीच तारीख, जेवणानंतर
उद्या माइक वगैरे काही नको, असं हेतलला सांगून टाकलं.
स्पीकरच्या रिकाम्या जागेवर फरशीवर बसलो. रडू येत होतं. हेतल म्हणाली, आता जरा गप्प बसा. बसलो.
ध्येय आला. मला पुढून बघितलं, मागे जाऊन बघितलं. मग माझ्या शर्टाचं वरचं बटण दाबलं आणि बा बसते तसा माझ्या तोंडाकडे बघत बसला.