धाकू म्हणजेच रघुनाथ

रत्नागिरी,
गुरुवार, ता. १३ नोव्हेंबर २००३

प्रिय रुचिरा,

आधी आला तो टायवाला. त्याच्या मागून उंच टाचांची एक पोर, नाकाला रुमाल लावून. परवा मंगळवारी भर दुपारी मी अंगणात बांगडे सुकत घालून कावळे हाकत बसलेली, आणि हा मेला विचारतो, रघुनाथ मयेकर कुठे राहतात? मी म्हटलं, आमच्या वाडीत असा कोण नाही बाबा. खोटं नाही हो सांगितलं, मला सुचलंच नाही! शेजारच्या धाकूला जन्मापासून धाकू म्हणतो आपण. पोस्टमनसुद्धा धाकूच म्हणतो. जेटीवरही त्यांना कोणी रघुनाथ दाखवेना, तेव्हा परत माझ्या अंगणात येऊन टायवाल्याने ऐटीत कागदावर फुली मारली. मग ती पोर म्हणाली, मुलाचं नाव दीपेश. अगो बाय, म्हटलं, मग हा आमचा धाकूच की!

पण एकदा मारलेली फुली पुसायची कशी? धाकू बोटीवर, त्याची बायको सगुणा बाजारात टोपली घेऊन, दाराला कडी. दीपेश तुमच्या कंपनीत लागून तीन महिने झाले आणि आता हे त्याचं घर खरं की खोटं बघायला आलेत. आधी मिरजोळ्याला एकाचं घर बघून आले म्हणे. मी त्यांना कोकमाचं सरबत दिलं. टायवाल्याने पेला पुसून घेतला, माझ्यासमोर! आणि बसताना नेमका ओल्या जाळ्यावर बसला. उठल्यावर मागून असा काय दिसत होता गो, मी पदर तोंडात कोंबला. अजून आठवलं की हसू येतं.

कागदावर विचारलंय काय, तर घर पक्कं की कच्चं, फ्रीज आहे का, आणि शेजाऱ्यांचं मत. त्याला तीन चौकोन. चांगलं, बरं, वाईट. धाकूचा पोर एवढ्याशा चौकोनात बसवायचा? तुझे आजोबा तांडेल होते. बोटीवर नवा खलाशी घ्यायचा तर आधी त्याला जेवायला बसवायचे. ताटातलं माशाचं डोकं दुसऱ्याला देतो की आपल्याकडे ओढतो, तेवढं बघायचे. चाळीस वर्षांत एक माणूस चुकला नाही. त्यांच्याकडे ना टाय होता ना चौकोन.

तू गणपतीत सांगितलं होतंस ना तुझं काम? माणसं घ्यायची, रजा मोजायच्या, भांडणं मिटवायची, कोणाचा वाढदिवस असेल तर केक मागवायचा. दोनशेची कंपनी सातशेची झाली म्हणालीस. मी वाडीभर सांगत फिरले, आमची रुचिरा सातशे माणसं सांभाळते. आता कळलं, सांभाळतात म्हणजे फुल्या मारतात.

पण खरी गंमत पुढेच. कागदाच्या तळाला सही होती. इंग्रजी मला येत नाही, पण ती लांब शेपटीची सही मी ओळखणार नाही? नववीत तांदळाच्या डब्यावर खडूने गिरवत होतीस, मी रोज पुसायची. मला इतका आनंद झाला, मी ओरडलेच, ही माझी नात! टायवाला हसला. म्हणाला, आजी, मॅडम पुण्याच्या, त्यांचा कायमचा पत्ता कोथरूडचा, फाइलीत आहे. त्यांच्या बोलण्यावरूनच कळतं.

तुझ्या आत्याच्या घरचा पत्ता. मी म्हटलं, असेल हो, सही सारखी असते कोणाकोणाची.

फोन केला असता, पण तुझ्या ऑफिसातली मुलगी विचारते कोण आणि कशासंदर्भात. काल मी संदर्भ सांगितला नाही, ठेवून दिला.

सगुणा म्हणत होती, दीपेश तुला जिन्यात भेटतो, मॅडम म्हणतो, तू मान हलवतेस. त्याने घरी कधी तुझं वाईट सांगितलं नाही. म्हणाला, तिला अवघड होत असेल. रघुनाथ म्हणजे कोण ते तुला ठाऊक नव्हतं? चार वर्षं ज्याच्या होडीतून खाडीपलीकडे शाळेत गेलीस, पावसात स्वतःचं इरलं तुझ्यावर धरायचा तो. एक शब्द बोलली असतीस तर ही दोघं इथवर आलीच नसती. पण मग तुला कुठून ठाऊक, हेही सांगावं लागलं असतं. हो ना?

पत्र लिहायचं कारण एवढंच. टायवाला म्हणाला, नावाला शेजाऱ्यांचं तोंडी चालत नाही, धाकू म्हणजेच रघुनाथ असं कंपनीतलं कोणी ओळखणारं लिहून देत असेल तर फुली काढतो. नाहीतर दीपेशला घरी पाठवणार. ते मी सगुणाला अजून सांगितलेलं नाही. मी तुझं नाव घेणार नाही, ते तुझं तू घे, माझ्या अंगणात उभी राहून. सावंतवाडीकडची घरं बघून ती दोघं परत यायची आहेत. बावीस तारखेला, शनिवारी, सकाळी दहाला.

तुझीच,
कायमच्या पत्त्यावरची आजी