खाचेत अडकलेला गोळा

३ मार्च, सोमवार
ऐंशी अंशांच्या आंबट पाण्यात सुखाने जगणारे माझे आर्किया – जिवाणूंसारखे एकपेशी जीव – आज पुन्हा छान वाढले. मी सोडलेला विषाणूही त्यांना लागला. पण तो आपल्या डीएनएच्या प्रती कशा काढतो, त्याचा पत्ता नाही. सर म्हणाले, "महिनाअखेरपर्यंत बघ, नाहीतर विषय बंद." दिवसभरात माझ्याशी कोणी बोललं ते एवढंच.

५ मार्च
डबा एकटीने खाल्ला. समोरची खुर्ची चष्मिसची. ती प्रयोगशाळेतलं काम सोडून गेली त्याला दोन वर्षं झाली, तरी तिथे माझ्याच्याने पिशवीसुद्धा ठेवली जात नाही.

७ मार्च, शुक्रवार
जेल चालवलं. वीज लावली की डीएनए जेलच्या वरच्या खाचेतून खाली सरकतो – लहान तुकडे पुढे, मोठे मागे. प्रती निघत असतील तर अर्धवट प्रतींचे मधल्या लांबीचे तुकडे दिसायला हवेत. काही नाही! नेहमीचा गोळा तेवढा खाचेत अडकलेला. तो कचरा. फोटोतून वरची पट्टी कापून टाकायची, ही आमच्याकडची रीतच. चष्मिस यावरून हुज्जत घालायची – "अगं, कचरा रोज ठरल्या वेळी कसा येतो?"

१० मार्च
आईचा फोन. जेवलीस का? हो. कोणाबरोबर? – मैत्रिणीबरोबर, म्हणाले.

१२ मार्च, बुधवार
जुने, न कापलेले फोटो उपसले. विषाणू न लागलेल्या पेशींत गोळा नाहीच. लागला की तासाभराने दिसतो, मग वाढतच जातो.

१४ मार्च
गोळ्यावर डीएनए कापणारं एन्झाइम घातलं. सुटला! खाली सगळे विषाणूचेच पट्टे. म्हणजे प्रती सुट्या निघतच नाहीत – एकीला दुसरी चिकटलेली, त्यात फांद्याही फुटलेल्या, एवढा मोठा गुंता की खाचेबाहेर पडणं अशक्य. पुढे त्यातूनच विषाणू एकेक प्रत तोडून घेत असणार.
सर किती दिवसांनी हसले. "एकटीने केलंस!" मी "हो" म्हणाले. बाहेर येऊन जिन्यात बसून राहिले.

१५ मार्च
इथे तरी खरं लिहावं. चष्मिसचे हात स्वच्छ नसतात म्हणून कचरा येतो, हे सरांच्या कानावर मीच घातलं होतं. म्हणून तिला जावं लागलं. आणि निरोपाच्या वेळी सगळ्यांत जास्त मीच रडले.

१६ मार्च, रविवार
सकाळी तिला फोन लावला. सगळं सांगितलं, चुगलीसकट. ती म्हणाली, "ते तूच सांगितलंस, हे मला त्याच दिवशी कळलं होतं. गोळ्याचं सांग."