काटोलची तलवार, वाडीची तलवार आणि चिंच

मी, माया रविंद्र वैरागडे, वय एकाहत्तर, टपाल खात्यातून निवृत्त, राहणार प्रतापनगर, नागपूर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाविना, राजीखुशीने आणि सकाळचा चहा झाल्यावर लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचे डॉ. करिष्मा यांनी तपासून लिहून दिले आहे. गुडघ्यांबद्दल त्या काही लिहायला तयार नाहीत. यापूर्वी मी मृत्युपत्र केले नाही, कारण आधी मी जायचे असे आमचे ठरले होते. माझे पती रविंद्र यांनी गेल्या पौषात तो बेत मोडला. आम्हांला मूलबाळ नाही.

१. राहते घर आणि बँकेतली ठेव माझी धाकटी बहीण नंदिनी हिला द्यावी. घरात तिने वाटेल ते बदल करावेत. अंगणातले संत्र्याचे झाड मात्र तोडू नये. फळ आंबट येते, तरीही.

२. माझ्या पतींना जुन्या तलवारी पाहण्याचा नाद होता. पाहिल्या पुष्कळ, घेतली एकच. त्या कामाचे भिंग व टॉर्च नंदिनीकडे जावेत. लोहचुंबक माझे दीर भैयाजी यांना द्यावे. चुंबक चिकटले की तलवार पुरातन, असे त्यांचे मत आहे. "वहिनी, पाहा, चिकटून राहिलं! असली हाय!" असे ते प्रत्येक तलवारीला म्हणत. यावर माझे पती म्हणाले होते, "भैया, आपल्या सांडशीलेही चिकटते गा. तीही भोसल्यांचीच काय?" तरी चुंबक त्यांनाच द्यावे. त्यांच्याइतके प्रेम त्यावर कोणी केले नाही.

३. वाडीची तलवार, म्हणजे सोनेरी अक्षरांची, भैयाजींनी वाडीच्या एका गोदामातून आणून भावाला पन्नाशीला भेट दिली होती. मूठ पात्याला वेल्डिंगने जोडलेली आहे. जुन्या मुठीत काळी लाख भरलेली असते. गंज नारिंगी होता आणि बोटाला लागत होता. ती नकली आहे हे माझ्या पतींनी पहिल्याच दिवशी ओळखले आणि ती दिवाणखान्यात सर्वांत वर टांगली. "भावानं आणली हाय," एवढेच मला म्हणाले. ही तलवार भैयाजींना परत द्यावी. टांगण्याच्या खिळ्यासह.

४. काटोलची तलवार. हे कलम सावकाश वाचावे.

काटोलला एका बागायतदाराच्या घरी ती गाडग्यांमागे पडली होती. माझ्या पतींनी पाते उजेडात धरले. त्यावर जुन्या पोलादात असते तशी पाण्याच्या लहरींसारखी नक्षी होती, आणि गंज काळा, खोल खड्ड्यांत बसलेला. मग नेहमीप्रमाणे ती माझ्याकडे दिली. जुन्या मुठी अरुंद असतात. माझ्या पतींचा पंजा आत मावत नसे, माझा मावत असे. माझ्या हातात नीट बसली तर पुढचे बोलणे, नाही तर मी पाणी मागायचे आणि आम्ही उठायचे, अशी आमची रीत होती. काटोलला मी पाणी मागितले नाही.

पुढच्या दसऱ्याला आम्ही फुले आणायला गेलो असताना भैयाजींनी शस्त्रपूजेसाठी दोन्ही तलवारी चिंच आणि पितांबरीने घासायला घेतल्या. वाडीच्या तलवारीचा तीनशे वर्षांचा गंज एका हातात निघाला आणि आतून नवी बादली चमकावी तसे पोलाद निघाले. तेव्हा ते पॉलिश पेपर घेऊन काटोलच्या तलवारीकडे वळले. आम्ही पोचेपर्यंत टोकाजवळची वीतभर नक्षी गेली होती. माझे पती त्या दिवशी ओरडले. आयुष्यात तेवढेच.

तेव्हापासून भैयाजी म्हणतात, "दोन्ही सारख्याच हायेत वहिनी. माह्याकडे द्या, चकाचक करून शोपीसवाल्याले देऊन टाकतो." मी गप्प राहिले. मी गप्पच असते, म्हणून त्यांनी तो होकार धरला आहे. तो होकार नव्हता. माझ्यामागे ती त्यांच्या हाती पडली तर उरलेली नक्षीही जाईल, म्हणून हे लिहिणे.

तेरवीच्या दिवशी सगळे जेवत असताना भैयाजींची मुलगी भूमिका काटोलच्या तलवारीखाली भिंतीपाशी उभी होती. "मोठीआई, मले धरू द्या न." मी दिली. तिची बोटे मुठीत अलगद बसली. "वजन हाताकडंच काहून वाटते वं?" तिने विचारले. चांगल्या जुन्या तलवारीचा तोल मुठीकडेच असतो; पण हा प्रश्न या घरात याआधी कोणी विचारला नव्हता.

काटोलची तलवार भूमिकेला द्यावी. म्हणजे ती भैयाजींच्याच घरी जाईल, हे मला कळते. म्हणून अट: दसऱ्याला हळदकुंकू म्यानाला लावावे, झेंडू बाजूला ठेवावा, पात्याला फक्त तेलाचा बोळा. तलवार ज्या खोलीत असेल तिथे चिंच नेऊ नये. अट मोडल्यास तलवार नंदिनीकडे जाईल, आणि नंदिनी भैयाजींना कशी बोलेल ते त्यांना माहीत आहे.

माझा हात आता सुजतो, मुठीत शिरत नाही. त्यामुळे खालची सही वाकडी आली आहे. ती माझीच आहे. भैयाजींनी घासून पाहू नये.

सही: माया रविंद्र वैरागडे

आमच्यासमोर सही केली:
१. डॉ. करिष्मा मोहोड
२. विहंग पोहनकर, शेजारी

नागपूर, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, २०२४