हलका एप्रन

३ जून
विरारच्या एक्स-रे सेंटरमधला पहिला दिवस, आणि मी जाम खूश आहे. विनिताताई इथल्या जुन्या टेक्निशियन. आल्या आल्या त्यांनी निर्मळची सुकेळी, उन्हात सुकवलेली गोड केळी, हातावर ठेवली आणि एक निळा एप्रन दिला, कव्हर त्यांनी स्वतः शिवलेलं. कॉलेजातला शिशाचा एप्रन घातला की खांदे भरून यायचे. हा अगदीच हलका. नवीन प्रकारचा आहे, म्हणाल्या. अंगावर पडणारी किरणं मोजणारा माझा बिल्लाही त्यांनी ऑफिसच्या कपाटात ठेवला, हरवायला नको म्हणून. मायाळू बाई आहे.

१९ जून
चुळबुळी मुलं मला धरून बसावं लागतं. ताई मात्र बटणाची लांबलचक वायर ओढत थेट पॅसेजच्या टोकाला जातात. मी चिडवलं, तर म्हणाल्या, अंतर म्हणजे फुकटचं शिसं. दुप्पट लांब गेलं की मार चौथाई.
दिवस गेलेत हे आज त्यांना सांगितलं, सासूबाईंच्याही आधी. पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, एप्रन आहे ना, मग कसली भीती.

८ जुलै
ताई रजेवर. निळ्याची शिवण उसवली. आत नुसतं रबर, पायपुसण्यासारखं. प्लेटवर घराची किल्ली ठेवली, वर एप्रन पसरला, बाहेरून बटण दाबलं. फोटोत किल्लीचा दात न् दात दिसला. मग खुंटीवरचा ताईंचा एप्रन ठेवला. उचलताना हात भरून आले. किल्ली गायब, सगळं पांढरं.
पाच आठवडे मी मुलं धरली.

९ जुलै
विचारलं. खरा एकच उरलाय, डॉक्टर दुसरा आणत नाहीत, असं खालमानेनं सांगितलं. मग म्हणाल्या, "माझ्या वेळी तो आधीच्या टेक्निशियन कृष्णाबाईंकडे होता. मलाही कुणी सांगितलं नव्हतं गं. माझं तिसऱ्या महिन्यात गेलं."
सुकेळी भरवून केसानं गळा कापला या बाईनं.

१५ जुलै
इथल्या बिल्ल्यांचे जुने रिपोर्ट — सगळे शून्य. कपाटाला कसली किरणं —
नोकरी सोडू? नवऱ्याची, जयवंतची कंपनी बंद. सोनोग्राफीला जायला पाय उचलत नाही —

२२ जुलै
नवीन मुलगी आली. एलिना, पाचूबंदरची. नवं लग्न. ताईंनी खरा एप्रन माझ्या अंगावर टाकला. जड — किती बरं वाटलं, देवा —
निळ्याची शिवण मीच घातली.

२३ जुलै
पॅसेजच्या टोकाला उभ्यानं लिहितेय. वायर माझ्या हातात. आत एलिना, मांडीवर रडणारं बाळ — ते थांबायची वाट बघतेय.
तिनं विचारलं होतं, इतका हलका कसा. मी म्हटलं, नवीन प्रकारचा —
बाळ गप्प झालं. अजून हाक मारता येईल. अंगठा बटणावर —