नवमीच्या आधी बंदूक

भाद्रपद वद्य एकादशी, शके १८५६

मोडली! ह्यांची छर्‍याची बंदूक माझ्या हातून मोडली!

छतावर मुगाच्या वड्या घातल्या होत्या. तो मोठा वानर रोज येतो, मालकासारखा बसून खातो. बंदूक नुसती दाखवली तरी पळतो, म्हणून खुंटीवरची काढली. आज मेला पळेना. मी चिडले, उगारली — तर नळी निसटून शेजारच्या छतावर! माझ्या हातात नुसता दस्ता. वानर वडी खात बघत बसला. हसला असेल तर देव जाणे.

हे सरदारांच्या पागेबरोबर शिवपुरीला गेलेत. खंडेनवमीपर्यंत परत. खंडित शस्त्र पूजेला चालत नाही आणि ही तर सासर्‍यांच्या वेळची. दसर्‍याला हिच्याच छर्‍याने हे निंबावरचं गुलालाचं मडकं फोडतात, सगळी गल्ली बघायला येते. जाण्याआधी स्वतः दार लावून तिचं तेलपाणी करून गेले. आणि मी ही अशी!

भाद्रपद वद्य द्वादशी

सराफ्यात गेले. गोपाळकृष्ण सोनाराकडे. पितृपक्षात दागिने कोण करतं? माशा मारत बसला होता.

घरून निघताना उषावन्सं दारात. "सोनाराकडे बंदूक? नथीत बसवणार का, वहिनी?" नणंद आहे, बोलणारच. म्हटलं, "तुमच्या भावाला सांगितलंत तर तुम्हालाच नथीत बसवीन."

सोनाराला बजावलं — सांधा दिसता कामा नये. कुठे जोडलीय ते ह्यांना कळता कामा नये!

आश्विन शुद्ध प्रतिपदा

घट बसले. बंदूक आली. काय जोडली आहे! बोट फिरवलं तरी सांधा लागत नाही. वर उजाळाही दिलाय. खुंटीला टांगली. सुटले बाई.

आश्विन शुद्ध तृतीया

कुठली सुटतेय!

छर्रा भरायचा तर ही बंदूक मधोमध वाकवावी लागते. मला ठाऊक आहे, इतकी वर्षं बघते आहे. आज म्हटलं वाकवून बघू. वाकेना. गुडघ्यावर घेतली, वाकेना. नळीला मी, दस्त्याला उषावन्सं — दोघी आपटलो, ती ताठच! वन्सं जमिनीवर बसून हसताहेत, "माझ्या सासूबाईंची कंबर झालीय हो हिची!" मलाही हसू आवरेना. मग रडू आलं. मग परत हसू.

तडक सराफ्यात. सोनार म्हणाला, "बाई, सांधा नको असं तुम्हीच म्हणालात. मी चहूकडून डाख भरला." आता ह्याला काय बोलू? म्हणालेच होते मी.

आश्विन शुद्ध चतुर्थी

दाल बाजारात हमीद मिस्त्री आहे. धान्याचे तराजू दुरुस्त करतो. वन्संनीच सुचवलं — काटा खिळीवर झुलतो, बंदूकही खिळीवरच वाकते, मग त्याच्याकडेच जा की! ह्या बाईला कधी कधी अक्कल असते.

त्याने बंदूक बघून कपाळाला हात लावला. "बाईसाहब, यह झूलने की चीज़ है, आपने हार बना दिया!" डाख तापवून उतरवला. आत डोकावला. मग विचारतो, "कील कहाँ गई?" म्हटलं, तुटून पडली असेल. तर म्हणे, "टूटती तो आधी अंदर रहती. छेद साफ है. यह तो निकली है." म्हणजे तुटली नाही, निघालीय; आत अर्धा तुकडाही नाही.

घरी येऊन सारं छत झाडलं. शेजारचंही झाडलं, त्यांच्या बाई खूश. खीळ नाही. वानरानेच गिळली असेल.

आश्विन शुद्ध षष्ठी

मिस्त्रीने तराजूच्या पोलादाची नवी खीळ करून घातली. लोण्यासारखी वाकते. छतावर पालथा तांब्या ठेवून छर्रा मारून बघितला. टण्ण! परत मारला. टण्ण! वानर दिसला नाही दिवसभर. वाईट नाही हं हा खेळ.

आश्विन शुद्ध अष्टमी

हे आले. उन्हातून अंगणात शिरले आणि उषावन्संनाच कोणी परकी बाई समजून म्हणाले, "अहो, पाणी द्या." वन्सं फिदीफिदी! चष्म्याचं नाव काढलं तर अंगावर येतात. मागल्या दसर्‍याला मडकं सोडून वन्संचा माठ फोडला तेव्हाही म्हणे वारा होता!

आश्विन शुद्ध नवमी

शस्त्रं पाटावर मांडली. ह्यांनी बंदूक उचलली, वाकवली, टक् करून मिटवली. मग उभेच. परत वाकवली. परत मिटवली.

"हिला कोणी हात लावला?"

"मी पुसली. का?"

"काही नाही." हळद-कुंकू वाहिलं. जेवले मात्र कमी. कळलं की काय?

आश्विन शुद्ध दशमी

गल्ली भरली होती. पोरं निंबाखाली ओरडताहेत, "फोडो, फोडो!" ह्यांनी बंदूक खांद्याला लावली. कितीतरी वेळ. मग खाली घेतली, माझ्याकडे आले, आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "नवरात्र देवीचं. यंदा हिच्या हातून."

मेले मी! पण घेतली. मडक्याऐवजी तांब्याच आहे असं मनात धरलं. फुटलं! गुलाल सगळ्यांच्या डोक्यावर! उषावन्सं तर नाचल्याच. ह्यांनी विचारलं, "फुटलं का?" मी म्हटलं, "दिसत नाही का? गल्ली लाल झाली!"

आश्विन शुद्ध एकादशी

धुवायला काढला ह्यांचा शिवपुरीचा कोट. आतल्या खिशात चिंधी, चिंधीत खीळ. तेल लावलेली, नीट गुंडाळलेली.

डोळ्यांचं मला सांगायला काय झालं होतं?

कोट धुतला. खीळ होती तिथेच ठेवून दिली. जेवताना म्हटलं, "पुढल्या दसर्‍यालाही मडकं मीच फोडणार. मला नाद लागलाय." म्हणाले, "बरं."

एवढ्या लवकर माझं कधी ऐकलं नव्हतं ह्यांनी.